वाफेचा जमाखर्च

सोयाबीनचा हंगाम आला म्हणजे लातूरच्या आडत बाजारात पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही. नांदेडच्या मोंढ्यातही तोच थाट. या दाण्याने मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यास चार पैसे दाखविले, हे नाकारणारा कृतघ्नच म्हणावा लागेल. परंतु बाजारातून तो दाणा पुढे ज्या सॉल्व्हंट प्लांटात जातो, त्याविषयी आमच्या सुशिक्षितांनी धरलेले मौन आम्हांस अक्षम्य वाटते.

सोयाबीनमध्ये तेल शंभरात अठरा-वीस भाग. ते घाण्याने पुरते निघत नाही. म्हणून दाणा चपटा करून त्यावर हेक्झेन हा पेट्रोलच्या कुळातील द्रव सोडतात. तो तेल ओढून घेतो. मग उष्णतेने त्याची वाफ करून, ती थंड करून, पुन्हा कामास लावतात. प्रत्येक फेऱ्यात मात्र काही अंश निसटतो.

कारखानदार म्हणतात, हेक्झेनला पैसे पडतात. ते हवेत सोडण्याइतके आम्ही वेडे आहोत काय? वेडे मुळीच नव्हेत, हिशेबी आहेत. आणि मेख तेथेच आहे. शेवटचा अंश पकडण्याचे यंत्र त्या अंशाहून महाग पडू लागले, की हिशेबी मनुष्य तो अंश सोडून देतो. मग तो शेजाऱ्याने श्वासावाटे घ्यावा!

१९६० नंतरच्या दशकात जपानात चपला चिकटविणाऱ्या कामगारांचे हातपाय चिकटद्रव्यातील हेक्झेनने बधिर व दुबळे झाले. बंद खोलीतील मात्रा आणि मोकळ्या हवेतील मात्रा एक नव्हे, हे आम्ही जाणतो. प्लांटच्या आत राबणाऱ्या मजुरास मात्र हे समाधान पुरेसे नाही. शिवाय ही वाफ उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून ओझोन बनविण्यास हातभार लावते, आणि मराठवाड्यात उन्हाला काय तोटा! ती हवेहून सुमारे तिप्पट जड असल्याने सखल जागी साचते. अमेरिकेतील लुईव्हिल शहरी १३ फेब्रुवारी १९८१ रोजी सोयाबीनच्या कारखान्यातून गटारांत शिरलेल्या हेक्झेनने पेट घेतला आणि रस्तेच्या रस्ते उखडले गेले.

आमच्या २००९ च्या हवामानकांत बारा पदार्थ आहेत. त्यांत बेंझिन आहे, हेक्झेन नाही. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात लातूरचे नाव आले खरे, पण तेथे हिशेब मुख्यतः धुळीचा.

वस्तुतः मोजमाप अवघड नाही. हेक्झेन फिरते भांडवल आहे. तेव्हा वर्षाकाठी नवे जितके विकत घ्यावे लागते, तितकेच जुने कोठेतरी गेले. युरोपने १९९९ साली याच रीतीने सोयाबीनसाठी टनामागे ८०० ग्रॅमची मर्यादा घातली. त्या मर्यादेतही रोज ५०० टन गाळणारा कारखाना दिवसाला ४०० किलो गमावू शकतो. येथे किती जाते? प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रत्येक प्लांटकडून दरमहा दोन आकडे घेऊन फाटकावर लावावेत: हेक्झेन किती घेतले, सोयाबीन किती गाळले. खरेदीची वही कारखान्यात आजही आहे. ती उघडण्यास कोणता खर्च येतो, ते कारखानदारांनी सांगावे.