आडनावांचा मागोवा : पोतनीस

फडणीस, चिटणीस, सबनीस ही आडनावे महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. त्याच पंक्तीतील पोतनीस मात्र विरळा. ते ऐकताच धान्याचे पोते डोळ्यांसमोर येते, आणि हा तर्क अगदीच चुकीचा नाही. फारसीतील ‘फोता’ म्हणजे थैली. त्यावरून ‘पोते’ हा शब्द सरकारी खजिन्यासाठी रूढ झाला. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. खजिन्याचा जमाखर्च लिही तो पोतनीस. रोकड सांभाळी आणि नाणे पारखी तो पोतदार. राजस्थान-बंगालमधील पोद्दार व काश्मिरातील फोतेदार हे त्याचेच भाऊबंद. रोजमेळाच्या शेवटी ‘पोते बाकी’ लिहिणाऱ्या मारवाडी पेढ्यांनाही हे पोते परके नाही.

अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’त फोतादारासाठी घालून दिलेले नियम मुळातून वाचण्याजोगे आहेत. शेतकरी मोहोर, रुपया किंवा तांब्याचे नाणे, जे आणील ते स्वीकारावे. अमुकच नाणे हवे, असा हट्ट धरू नये. बादशाही नाणे झिजले असेल तर वजनातील तुटीपुरतेच घ्यावे. भरण्याची पावती द्यावी. रोज सायंकाळी रोकड मोजावी आणि आपली वही कारकुनाच्या वहीशी ताडून पाहावी. खजिन्याच्या दारावर अंमलदाराची मोहोर असली, तरी आपले कुलूप वेगळे लावावे आणि त्या दोघांना कळविल्यावाचून ते उघडू नये. बट्टा किती कापायचा हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती कुळाच्या तोंडचा घासही असतो, हे नियमकर्त्याने नेमके ओळखले होते.

मराठेशाहीत पोतनीस हा आठ दरखदारांपैकी एक. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस व जामदार हे उरलेले सात. दरखदाराला काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. वरिष्ठाच्या मर्जीवर ज्याची भाकरी अवलंबून नाही, त्याच्याच लेखणीला हिशेबात वजन येते. आजच्या कोणत्याही तपासनीसाला हे पटेल.

कंपनी सरकारने १८३५ मध्ये आपल्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया चालू केला. नाना टाकसाळींची नाणी हळूहळू मागे पडली आणि पारखीचे महत्त्व ओसरले. पारख हे ओसवालांतील परिचित आडनावही याच कामाची आठवण देते.

गावोगाव नाणी पारखण्याचे काम बहुधा सोनाराकडे असे, त्यामुळे पोतदार हे नाव सोनारांत रुजले. परंतु इतिहाससंशोधक महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार ब्राह्मण होते. आडनावावरून जात ताडू पाहणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.