पंचांचे मत

एम.बी.बी.एस. झाल्यावर माझ्या भाचीने एम.डी.साठी न्यायवैद्यक हा विषय घेतला, तेव्हा माधवगंजातल्या आमच्या घरात जवळजवळ सुतक पाळले गेले. नाइलाजाने पदरात पडलेला विषय असता तर एक वेळ चालले असते. तिने तो मागून घेतला होता. ताई दोन दिवस नीट जेवली नाही. समोरच्या वाड्यातल्या काकू म्हणाल्या, "अगोबाई, म्हणजे मुडद्यांची डॉक्टर? हिच्या हातचा चहा तरी कोण घेईल?" स्थळांची काळजी तर सगळ्यांनाच लागली. ज्या घरात देहदानाचा अर्ज भरल्याचे कौतुक गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर झाले, त्याच घरातले हे बोलणे. विद्यार्थ्यांनी शिकावे म्हणून केलेली चिरफाड पुण्याची, आणि माणूस कशाने मेला हे कळावे म्हणून केलेली चिरफाड विटंबनेची, हा न्याय आम्ही कोणत्या शास्त्रातून काढला कोण जाणे!

मी मात्र त्या दिवशी गप्प होतो. त्याचे कारण सांगायलाच हा लेख लिहितो आहे.

१९९२ सालची गोष्ट. आमच्या गल्लीतली एक सून सकाळी जिन्यावरून पडून गेली, असा गलका झाला. लग्नाला आठ वर्षे झालेली, पदरात दोन मुले. पोलीस आले. हवालदाराने दारात उभे राहून विचारले, "मोहल्ले के दो-चार इज्जतदार लोग बुलाइए." मी तेव्हा शाळामास्तर. इज्जतदारांत माझा नंबर पहिला लागला, आणि खोटे कशाला बोलू, मला ते बरेही वाटले. आत नेले. चादर खांद्यापर्यंत सरकवली, परत ओढली. कागद आधीच लिहून तयार होता. "पंचों की राय में मृत्यु सीढ़ी से गिरने से हुई, कोई शक-शुबहा नहीं." खाली आणखी एक ओळ, घरच्यांच्या विनंतीवरून प्रेत चीरफाड न करता ताब्यात द्यावे, अशा अर्थाची. मी सही केली. मास्तरांची सही म्हणून ती सुवाच्यही होती.

दुपारी चारच्या आत तिला अग्नी दिला गेला.

चादर सरकली तेव्हा तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत मला दिसला होता. बाहेरच्या बाजूला एक वळ होता, कडेने पिवळट, मध्ये हिरवट. तीस वर्षे मी ते कुणालाही सांगितले नाही. भाची दुसऱ्या वर्षाला असताना एका रात्री तिला सांगितले. ती रडली नाही, मला दोषही दिला नाही. परीक्षकासारखी प्रश्न विचारीत गेली. कोणता हात? कोणती बाजू? रंग नक्की पिवळा? मग म्हणाली, "मामा, वळाच्या रंगावरून दिवस मोजता येतो असं जुनी पुस्तकं सांगायची, त्यावर आता कुणी फारसा विसंबत नाही. पण त्वचेवर पिवळी झाक यायला निदान अठरा-वीस तास तरी जातात. ती सकाळी पडली असेल तर तो वळ त्या पडण्याचा नव्हता. आणि कुणी मारायला आलं की माणूस हात असा वर धरतो." तिने धरून दाखवला. तीच बाजू.

तिला मारले होते का, ढकलले होते का? मला माहीत नाही. आता कुणालाच कधी कळणार नाही, आणि ते कळू नये याची व्यवस्था जिच्यामुळे झाली त्या कागदावर माझी सही आहे.

वाचकहो, तुम्ही बेळगाव-निपाणीकडचे असा, बिदर-भालकीकडचे असा, हा कागद तुमच्याही दारी केव्हातरी येणार आहे. तुमच्याकडे तो कन्नडात येईल, आमच्याकडे हिंदीत येतो. आणि ही हिंदी तरी कसली, मर्ग, सफीना, सुपुर्दगीनामा! दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्या माणसांची एक खोड असते. सरकारी कागद नीट कळला नाही असे कबूल करायची लाज वाटते, म्हणून आपण मान डोलावतो आणि लेखणी मागतो. कायदा मात्र आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ शहाणा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४, दोन्हींत हेच आहे की शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडे, वळ, खुणा नोंदवून मरणाचे दिसते ते कारण लिहावे, आणि त्याखाली सही करावी ती ज्यांना ते पटले त्यांनीच. ज्यांना पटले त्यांनीच! म्हणजे सही न करण्याचा हक्क कायद्याने माझ्या हातात दिला होता. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा मृत्यू झाला तर आत्महत्या असो की संशय, प्रेत तपासणीला पाठवण्याची सक्ती १९८३ च्या दुरुस्तीने आली. आमच्या गल्लीतली सून आठव्या वर्षी गेली. तिच्यासाठी सक्ती नव्हती, फक्त आम्ही होतो.

मराठी माणसाला एक खटला ठाऊक असायला हवा. नोव्हेंबर १९५६ मध्ये पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवेला डॉ. अनंत चिंतामण लागू याने रात्रीच्या गाडीने मुंबईला नेले. पहाटे बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, तेही खोट्या नावाने. त्याच दिवशी ती गेली. कागदावर मधुमेहाची मूर्च्छा असे कारण पडले, प्रेत बेवारशी ठरले आणि वैद्यकीय महाविद्यालयात मुलांना शिकण्यासाठी रवाना झाले. तेथल्या एका शिपायाला गळ्यावर खूण दिसली. त्याने ती सांगितली, पोलिसांना कळले आणि शवविच्छेदन झाले. खटला त्या खुणेवर उभा राहिला नाही. रासायनिक तपासणीत विषही सापडले नाही. तरी मधुमेहाची गोष्ट टिकली नाही. इकडे तिच्या नावाने, मी लग्न करून दूर गेले आहे अशी पत्रे नातेवाइकांना येत होती आणि तिची मालमत्ता डॉक्टरच्या घशात जात होती. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. डॉक्टरांनी सही करून मोकळे केलेले प्रेत एका शिपायाने थांबवले. मला त्या शिपायाचा हेवा वाटतो.

मेलेल्याला कापून जिवंतांचा काय फायदा, असे विचारणारे भेटतात. मध्य प्रदेशात राहून असे विचारणे म्हणजे कमाल आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायूने माणसे मेली, तेव्हा डॉ. हीरेश चंद्र यांनी प्रेतांमागून प्रेते तपासली. रक्ताचा आणि फुप्फुसांचा लालभडक रंग पाहून त्यांना सायनाइडचा संशय आला, आणि जे वाचले होते त्यांना सोडियम थायोसल्फेट द्यावे असे त्यांनी म्हटले. त्यावर केवढे वाद झाले, किती अडवणूक झाली, तो वेगळा इतिहास आहे. पण जिवंतांच्या औषधाची ती चिठ्ठी मेलेल्यांनी लिहिली होती.

या विषयाची अप्रतिष्ठा डॉक्टरांनीही केली, हे भाचीला राग येईल तरी लिहितो. अनेक ठिकाणी सुरी कामगाराच्या हातात आणि लेखणी डॉक्टरच्या हातात, मध्ये दहा हातांचे अंतर. तरी या शाखेत एकेक माणूस काय करू शकतो पाहा. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये बलात्कारपीडितांच्या वैद्यकीय तपासणीची दुर्दशा अहवालात मांडली, ते प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेले. 'कौमार्याची लक्षणे' हा अडाणी पाठ महाराष्ट्राच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये अभ्यासक्रमातून काढला, त्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता. आमच्या काकू ज्याला मुडद्यांची डॉक्टरी म्हणतात ती ही.

"रात्रभर प्रेत अडकून पडतं हो," ही आणखी एक तक्रार. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असेल तेथे सूर्यास्तानंतरही तपासणी करायला केंद्राने मुभा दिली. खून, आत्महत्या, संशय यांचे अपवाद सोडून. आणि एक रात्र थांबावे लागले तर थांबावे. लग्नात आपण बँडवाल्यासाठी चार-चार तास थांबतो.

गेल्या ज्येष्ठात गल्लीत पुन्हा पोलीस आले. एक प्रौढ गृहस्थ सकाळी स्नानघरात मरून पडलेले. कागद पुन्हा तयारच होता. "मास्साब, आप तो बुजुर्ग हैं, बस यहाँ दस्तखत कर दीजिए." मी चष्मा आणायला घरी गेलो. परत येऊन चादर पूर्ण काढायला सांगितली. हात पाहिले, मान पाहिली, कुशीवर वळवायला लावून पाठ पाहिली. कपाळावर खोक होती; ती कागदात नव्हती, लिहून घेतली. मत म्हणून, कारण सांगता येत नाही, शवविच्छेदन व्हावे, असे लिहायला लावले आणि मग सही केली. घरातला थोरला मुलगा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती इथे लिहीत नाही.

संध्याकाळी अहवाल आला. हृदयविकारच होता, खोक पडल्यामुळे झालेली. त्या घराने माझ्याशी बोलणे टाकले आहे. दिवाळीचा फराळ यंदा त्यांच्याकडून येणार नाही, आमचा मात्र मी स्वतः घेऊन जाणार आहे.