सायकल मिस्त्री हा शिक्षक नव्हे काय?

कौशल्य या शब्दाला गेल्या दशकात राजमान्यता मिळाली. त्याच्या नावाने खाती निघाली, प्रमाणपत्रे छापली गेली, गावोगाव फलक लागले. परंतु यवतमाळच्या आर्णी रस्त्यावर लिंबाखाली पेटी मांडून बसलेल्या सायकल मिस्त्रीला या राजमान्यतेतून काय मिळाले, हे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न येथे सरकारला विचारावयाचा आहे, आणि सरकारला विचारून झाल्यावर स्वतःलाही.

गेल्या उन्हाळ्यात महिनाभर मी रोज संध्याकाळी अशाच एका मिस्त्रीजवळ बसलो. कारण काही तात्त्विक नव्हते. जुनी सायकल वारंवार बिघडत होती आणि महिन्याच्या खर्चात तिच्यासाठी फारशी जागा नव्हती. तेव्हा असे ठरविले की, लागेल तेच अवजार आणि लागेल तेव्हाच घ्यावयाचे: आधी टायर उतरविण्याच्या पट्ट्या, मग दोन पान्हे, शेवटी पंप. ठिगळ विकत घ्यावे लागलेच नाही. टाकून दिलेल्या ट्यूबमधून मिस्त्री ते कापतो. सोल्यूशन सुकण्याआधीच उतावळेपणाने चिकटविलेले माझे पहिले ठिगळ दुसऱ्या दिवशी निघाले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ठाऊक नसल्यामुळे मी पान्ह्याला लोंबकळून ते अधिकच आवळीत होतो. मागच्या चाकात ४० आरे, पुढच्यात ३२. रिमचा आऊट काढताना एका बाजूचा आरा ताणला की दुसऱ्या बाजूचा सैल करावा लागतो, हे डोळ्याला दिसू लागण्यास दोन आठवडे गेले. हबचा कोन किती आवळावा, असे विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "भाऊ, जास्त कसला का चाक रडते, ढिला सोडला का डुलते. हाताले समजते ते, सांगून नाही समजत."

ज्या गोष्टी सांगून समजत नाहीत त्या समजेपर्यंत शिकणाऱ्याच्या चुका सोसणे, यालाच शिक्षण म्हणतात. माझ्या शेजारी एक सतरा वर्षांचा मुलगा हेच शिकत होता. त्याला शिकविण्याबद्दल मिस्त्रींना कोणी एक पैसा देत नाही. उलट त्याने बिघडविलेल्या कामाची भरपाई त्यांच्याच गल्ल्यातून होते.

आता दुसरीकडे पाहा. २०१५ साली केंद्र सरकारने कौशल्य प्रशिक्षणाचे समान निकष ठरविले. त्यांत प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना दर विद्यार्थ्यामागे, दर तासाला, व्यवसायाच्या वर्गानुसार ₹२७.५० ते ₹३८.५० असा खर्च मान्य झाला. त्यांतला सर्वांत खालचा दर धरा. मुलगा रोज सहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस दुकानात बसला तर १५० तास होतात; म्हणजे ₹४,१२५. एवढी रक्कम आमचा मिस्त्री दर महिन्याला राष्ट्राला दान करतो, आणि राष्ट्राला त्याची खबरही नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. पण त्याचे बंधन आज ३० वा अधिक माणसांच्या आस्थापनांवर आहे, आणि एकट्या माणसाचे दुकान त्या व्यवस्थेच्या उंबरठ्याबाहेरच राहते.

पारंपरिक कारागिरांसाठी पंतप्रधान विश्वकर्मा योजना आहे, असे उत्तर यावर मिळेल. ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि तिच्या वर्षपूर्तीचा सोहळा २० सप्टेंबर २०२४ रोजी आमच्या शेजारच्या वर्ध्यात झाला. प्रशिक्षणकाळात रोज ₹५०० विद्यावेतन, अवजारांसाठी ₹१५,०००, सवलतीचे कर्ज, या तरतुदी चांगल्याच आहेत. लोहाराला, कुंभाराला, चर्मकाराला हे मिळते यात आनंदच आहे; ते वाढलेही पाहिजे. पण योजनेच्या १८ व्यवसायांच्या यादीत कुलूपवाला आहे, सायकल मिस्त्री नाही. असे का? योजनेची कसोटी आहे 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय' ही. येथेच खरे मर्म आहे. सायकल दुरुस्ती हा बापाकडून मुलाकडे जातीने उतरलेला धंदा नव्हे. सायकल आली तेव्हा तिची जात ठरलेली नव्हती. बंजारा तांड्यावरचा, कोलाम पोडावरचा, मुसलमान वस्तीतला वा कुणब्याच्या घरातला, कोणताही मुलगा पान्हा हाती घेऊन मिस्त्री होऊ शकतो. जन्माने मिळालेल्या कौशल्याला शासन मानधन देणार आणि निवडीने मिळविलेल्या कौशल्याला दारातून परत पाठविणार, हा कोणता न्याय? जाती मोडल्याच्या गर्जना करणाऱ्या देशात जात न पाहणारा धंदाच यादीबाहेर राहावा, याहून बोलकी गोष्ट कोणती?

सायकलचा जमाना संपला, असेही म्हटले जाईल. ॲटलस कंपनीने ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, साहिबाबादचा कारखाना बंद केला, हे खरे. पण मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी शासनच पैसे देते. २०२२ पासून ही रक्कम ₹५,००० आहे. ते पैसे खरेदीचे आहेत. चेन तुटल्यावर, कॉटर पिन झिजल्यावर त्या मुलीने काय करावे? बापाच्या रोजीतून दुरुस्तीचा खर्च निघाला नाही की सायकल भिंतीला टेकते, आणि तिच्याबरोबर शाळाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उस्तादाच्या हाताखाली पोरांची पिळवणूक होते, हे आपण पाहिलेले आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला जुंपण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. पण पिळवणुकीवरचा उपाय दुकान बंद करणे हा नव्हे. शिकणाऱ्याला विद्यावेतन, शिकविणाऱ्याला मानधन आणि दोघांच्या नावांची सरकारी नोंद हा आहे.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीचे ज्ञान मागितले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्याच परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला. त्या वर्ध्यापासून यवतमाळ किती दूर आहे? अंतर रस्त्याचे नाही. आपण पांढरपेशांनी बुद्धी आणि हात यांच्यामध्ये जी भिंत उभी केली, तिचे आहे. आपली अभ्यासमंडळेही त्या भिंतीच्या याच बाजूला भरतात. श्रमाच्या प्रतिष्ठेवर तासभर बोलून पंक्चर काढण्यासाठी मिस्त्रीकडे सायकल टाकून जाणारे कार्यकर्ते आपणच आहोत.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. सायकल मिस्त्रीचा समावेश विश्वकर्मा योजनेत व्हावा आणि 'कुटुंबाधारित' ही अट जावी. चौदा वर्षांवरील मुलांना शिकविणाऱ्या मिस्त्रीला तासाच्या दराने मानधन मिळावे. ज्या शाळेतील मुलींना सायकली मिळतात, तेथे जवळच्या मिस्त्रीला आठवड्यातून एक दिवस मोबदला देऊन बोलवावे आणि मुलींच्याच हाती पान्हा द्यावा. जिल्ह्यातील सोळाही तालुक्यांत कार्यकर्त्यांनी मिस्त्रींची आणि त्यांच्याजवळ शिकणाऱ्या मुलांची यादी करावी. ती हाती घेऊन जिल्हा परिषदेच्या दारात जावे. आणि जाताना सायकलनेच जावे. वाटेत पंक्चर झाली तर ती स्वतः काढता आली पाहिजे, एवढी तयारी आधी करावी.