त्यांचं ते 'कॉकटेल', आमची ती 'हातभट्टी'!



उन्हाळा लागला की मोबाईलवर एकच रील फिरते. मोठ्या पोटाचा काचेचा गिलास, त्यात बर्फ, केशरी रंगाचं पेय, वरून संत्र्याची फोड. खाली लिहिलेलं असते : 'घरच्या घरी बनवा इटालियन समर कॉकटेल.' पेपरच्या रविवार पुरवणीतही तेच. आपल्या मुकुटबनच्या पोट्ट्यांच्या स्टेटसलाही तेच. मला त्या पेयाचा राग नाही. राग आहे तो एकाच कामाला दोन नावं ठेवणाऱ्या आपल्या नजरेचा.

आधी ते पेय काय आहे ते समजून घेऊ. नाव स्प्रित्झ. तीन भाग प्रोसेको म्हणजे बुडबुडेवाली पांढरी वाईन, दोन भाग आपेरोल, एक भाग सोडा. आपेरोल हे 1919 साली इटलीतल्या पादुआ शहरात निघालेलं कडवट-गोड संत्र्याच्या चवीचं मद्य. स्प्रित्झची कथा अशी सांगतात, की त्या भागात ऑस्ट्रियाचं राज्य होतं तेव्हा त्यांच्या शिपायांना तिथली वाईन जड जायची, म्हणून ते तीत पाणी घालून प्यायचे. म्हणजे मुळात काय? गावच्या द्राक्षाची गावठी वाईन आणि पाणी! त्या लोकांनी आपल्या गावच्या वस्तूची लाज धरली नाही. उलट 2009 साली 'प्रोसेको' हे नाव कायद्याने त्या मुलखाशी बांधून टाकलं. त्या द्राक्षाचं नावसुद्धा बदलून 'ग्लेरा' केलं, म्हणजे बाहेरच्या कोणी ते नाव वापरू नये.

त्याच 2009 साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे 2016 मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. आज मार्च-एप्रिलमध्ये गोव्यात पहिल्या धारेचा उर्राक निघते. त्यात लिंबू, मीठ, हिरवी मिरची आणि सोडा घालून लोक उजळ माथ्याने पितात. पर्यटक त्याचे फोटो काढतात.

आणि आपल्या मोहाला काय मिळालं? कलम 65.

झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम आणि गोंड पोडांवर मोह म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडते. बाया-पोरी उजाडायच्या आत टोपले घेऊन निघतात. फुलं वाळवायची, साठवायची, अडीअडचणीत विकायची. वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणून लाडू होतात, भाकरीत घालतात. टोळीचं तेल निघते. लग्नाला, देवाला, मयताला मोहाची धार लागते. हे सगळं झाड जगवते. पण पेपरात मोह येते तेव्हा बातमी एकच असते : 'मोहसडवा जप्त, एकावर गुन्हा.'

आता हिशेब करा. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत तीन बाटल्या मिसळणारा माणूस 'घरी कॉकटेल बनवते'. पोडावर चुलीवर मडकं ठेवणारी बाई 'हातभट्टी चालवते'. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यानुसार दारू प्यायला परवाना लागते. वाईनला 21 वर्षं, कडक दारूला 25 वर्षं वयाची अट आहे. खरं सांगा, ती रील टाकणाऱ्या किती लोकांच्या खिशात परवाना आहे? त्यांच्या दारात कधी पोलिसाची गाडी थांबली?

हे आजचं नाही. इंग्रजांनी 1892 साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदाच केला होता. फुलं घरात ठेवण्यावरच निर्बंध! कारण नीतिमत्ता नव्हती, बाप्पा. कारण होतं अबकारीचं उत्पन्न. गावाने स्वतः गाळली तर सरकारी ठेक्याची कोण विकत घेईल? इंग्रज गेले, पण ती नजर राहिली. महाराष्ट्रात मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहतूक करणं यावरचे निर्बंध उठायला 2021 साल उजाडावं लागलं.

पुढची गंमत ऐका. 2022 च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असं आपल्याला समजावून सांगण्यात आलं. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने काजू आणि मोहफुलांपासून बनणाऱ्या स्थानिक मद्याला 'विदेशी मद्याचा दर्जा' द्यायचा निर्णय घेतला. नीट वाचा. आपल्या रानातलं फूल, आपल्या मातीतलं, आणि दर्जा कोणता? विदेशी! म्हणजे कारखानदाराने बाटलीत भरली की ते विदेशी मद्य, आणि जिने शेकडो पिढ्या ती विद्या जपली तिच्या मडक्यात असली की तो मुद्देमाल.

आता काही ताया विचारतील, "भाऊ, तुम्ही दारूची वकिली करता काय?" अजिबात नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायांनी मोर्चे काढले, ते उगाच नाही. दारूने मोडलेले संसार मीही याच गावात पाहतो. नवसागर आणि सडका गूळ टाकून केलेलं विष विकणाऱ्यावर गुन्हा झालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण विषाचा धंदा आणि सणाला घरी काढलेली मोहाची धार यांत फरक करायला काहून जमत नाही? शहरात वाईन आणि देशीत फरक करता, तेवढीच बुद्धी इथे वापरा. आणि खरी बंदी हवी असेल तर गिलासाचा आकार पाहून करू नका.

मग करायचं काय? माझं म्हणणं तीन गोष्टींत.

पहिलं, 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंदी किंवा नियमन करायचा अधिकार दिला आहे. तो कागदावरून खाली उतरवा. बाटली उभी ठेवायची की आडवी करायची, हे त्या गावच्या बायांना ठरवू द्या.

दुसरं, शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहा. अलीराजपूर आणि डिंडोरीचे आदिवासी बचत गट 'मोंड' आणि 'मोहुलो' नावाने मोहाचं वारसा मद्य रीतसर बाटलीत भरतात. परवाना कारखानदाराला नाही, आदिवासी गटाला. आपल्याकडेही तसंच झालं पाहिजे.

तिसरं, दारू नको असेल तर मोहाचं सरबत, लाडू, मनुकेवाणी वाळवलेली फुलं यांना बाजार द्या. फुलं झेलायला झाडाखाली जाळ्या द्या, वाळवायला जागा द्या. आपल्या भागातून कोळसा निघते, सिमेंट निघते, रेल्वेचे डबे भरून जातात. गावाच्या नावाने एक प्रक्रिया केंद्र निघायला काय हरकत आहे?

आणि पोट्टेहो, केशरी-लाल थंडगार काही प्यायचंच असेल, तर एक सांगतो. लाल अंबाडीची वाळली बोंडं मूठभर घ्या. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, गाळा. साखर, चिमूटभर मीठ, भाजल्या जिऱ्याची पूड टाका. मटक्यात थंड करा, वरून सोडा आणि संत्र्याची फोड. आंबट, तुरट, रंग त्या इटालियन गिलासापेक्षा गडद. परवाना लागत नाही, आणि बापासमोर पिता येते.

करून पाहा, फोटो टाका. पण त्याच्या खाली मोहाबद्दलही दोन ओळी लिहा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली येऊन भांडा.