शिकाऊ हात

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत 'योग्यासूत्रीय' नांवाचा नववा अध्याय आहे. शिष्यानें छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर व पट्टबंधनाचा कृत्रिम पुतळ्यावर करावा, असें त्यांत सांगितलें आहे. केशकर्तनविद्यालयांतहि आरंभ पुतळ्याच्या डोक्यावरच होतो. परंतु पुतळा मान हालवीत नाहीं, त्याच्या टाळूवर भोवरा नसतो, व आरशांत पाहून तो तोंड वेडेंवांकडें करीत नाहीं! म्हणून पुढें जिवंत डोकीं लागतात; तीं मिळावींत यासाठींच तेथील दर अल्प असतो.

गेल्या महिन्यांत आम्ही अशा एका ठिकाणीं गेलों. पाव तासाच्या कामास पाऊण तास लागला. एका कानाजवळचे केंस अंमळ अधिक गेले. तरी शिक्षिकेनें कात्री स्वतः न घेतां, दुसरी बाजू कशी जुळवावी एवढेंच विद्यार्थिनीस सांगितलें. हें आम्हांस फार आवडलें.

शेजारच्या खुर्चीवरील बाई मात्र "संध्याकाळीं लग्नाला जायचं आहे, आणि हें काय केलंस?" म्हणून कडाडल्या. लग्नाच्या दिवशीं तेथें जाऊंच नये, हें निराळें. पण त्या पोरीच्या हातांतील कंगवा खालीं पडला. शिक्षिका पुढें झाल्या, तेव्हां तीच हळूच म्हणाली, "मॅडम, मीच पुरं करतें."

बाईंनीं क्षणभर आरशांत पाहिलें व पुन्हां मान ताठ धरली.