हळू रडणारं बाळ

“ऑपरेशन झाल्यापासून किती शहाणं झालंय, रडतंसुद्धा हळू!” हृदयाची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या तान्ह्याचं असं कौतुक होतं. घशात नळी होती म्हणून आवाज बसलाय, येईल हळूहळू, असं दवाखान्यातही सांगतात. पुष्कळदा येतोही. पण काही बाळांचा डावा स्वरतंतू हलायचाच थांबलेला असतो.

त्या तंतूला हलवणारी नस लांबच्या वाटेनं येते. मानेतून छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे चढते. जन्मानंतर आपोआप मिटायची डक्टस ही रक्तवाहिनी उघडी राहिली, तर काही वेळा ती बांधावी लागते. आणि नस तिला अगदी लगटून असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात सारंच नाजूक. सराईताच्या हातूनही नस दुखावते, त्याबद्दल सर्जनला बोल लावू नये. पण स्वरयंत्र न पाहता बाळाला घरी धाडणं मला अक्षम्य वाटतं.

तंतू नीट मिटला नाही, तर दूध श्वासनलिकेत उतरतं. कित्येक बाळांना ठसकाही लागत नाही. मग पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, वजन वाढत नाही, आणि आई आपल्याच पाजण्याला दोष देत राहते.

पाहायला लागतं काय? नाकातून घालायची बारीक, लवचिक दुर्बीण. भूल नको, बाळ जागंच हवं, काही मिनिटांचं काम. निदान झालं की कुशीवर पाजणं, गिळण्याचे उपचार करणाऱ्या थेरपिस्टची मदत, आणि धीर. अनेकांचा तंतू काही महिन्यांत पुन्हा हलू लागतो. नाहीच हलला तर तंतूत इंजेक्शन देऊन तो फुगवता येतो, थोडं मोठं झाल्यावर मानेतली दुसरी नस जोडता येते. दोन्ही तंतू अडकले तर चित्र उलटं: रडणं खणखणीत, पण श्वास घेताना शीळ वाजते. तिथे थांबायला वेळ नसतो. कधी गळ्याला छिद्र करून श्वासाची वाट मोकळी करावी लागते आणि मेंदूचा एमआरआयही लागतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्यामुळे गरिबाघरच्या लेकरांच्या हृदयावर मोफत शस्त्रक्रिया होऊ लागल्या. आता अशा प्रत्येक बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवा: आवाज कसा आहे, आणि स्वरतंतू कुणी, कधी पाहिले.