पाणी हिरवे झाले की सोडून द्यायचे?



2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली. 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पोहण्याच्या तलावात जवळजवळ तेवढेच पाणी मावते! आपल्या सुप्याकडे तेवढ्यात दोन एकर ज्वारीला 5 सेंमीची एक पाळी बसते.

आणि तलाववाले म्हणतात, पाणी हिरवे झाले, सोडून द्या. का म्हणून? हिरवे म्हणजे शेवाळ. लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम क्लोरीन रोज राखा, सामू 7.2 ते 7.8 ठेवा (सामू चढला की क्लोरीन असून नसल्यासारखे), भिंती घासा, गाळणयंत्र चालवा. शेवाळ आलेच तर क्लोरीनचा जादा डोस द्या आणि गाळा. पाणी तेच राहते. क्लोरीनच्या गोळ्यांतले सायन्युरिक आम्ल साठत जाते, त्यासाठी कधीतरी थोडे पाणी बदलावे लागते, एवढे कबूल. पण थोडे, सगळे नव्हे!

ज्या तलावाला गाळणयंत्र नाही, रोजच्या तपासणीची वही नाही, त्याला उन्हाळ्यात गावच्या विहिरीवरून टँकर भरू देऊ नये. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा.